एक ग्रुप नीट चालतो, तर पंप गेला कसा?

पत्र:

सोलापुरात माझा छोटा कॅफे आहे. पुण्यातल्या एका बंद होणाऱ्या कॅफेकडून दोन ग्रुपचं, म्हणजे कॉफी उतरायच्या दोन तोंडांचं, इटालियन एस्प्रेसो मशीन सेकंडहँड घेतलं. नळाचं पाणी रोज येत नाही, म्हणून बोअरच्या पाण्यावरच चालवत होतो. मागच्या महिन्यात मेकॅनिकने आतला खार काढतो म्हणून अ‍ॅसिड फिरवलं. बाथरूम धुण्याच्या अ‍ॅसिडसारखा उग्र वास दोन दिवस येत होता. तेव्हापासून डाव्या ग्रुपमधून कॉफी थेंबथेंब येते. पन्नास सेकंद झाले तरी कप भरत नाही, आणि चव कडू, तुरट. उजव्या ग्रुपवर तीच कॉफी अठ्ठावीस सेकंदांत छान उतरते. मेकॅनिक म्हणतो पंप गेला, अठ्ठावीस हजार लागतील. मशीन नुसतं उभं असतानाही पंपाचा काटा ११ वर जातो, हा त्याचा पुरावा. शिवाय सकाळी बॉयलरचा काटा लगेच १.२ दाखवतो, पण दूध तापवायला घेतलं की वाफ दम सोडते. त्याच्याच सांगण्यावरून आता घरगुती आरओचं पाणी लावलंय, तर वाफेच्या नळीतून मधूनच पाणी येतं. मशीन विकून टाकू का? आणि मी काही विचारलं की तो म्हणतो, "मॅडम, तुम्हाला त्यातलं कळणार नाही." मी काय करू?

उत्तर:

ताई, पंपाचे पैसे देऊ नका. तुमच्या मशीनमध्ये पंप एकच आहे आणि तोच दोन्ही ग्रुपना पाणी देतो. तो थकला असता तर दोन्हीकडची कॉफी बिघडली असती. उजवीकडे अठ्ठावीस सेकंदांत नीट उतरते, याचा अर्थ पंपापासून दोन वाटा फुटतात तिथपर्यंत सगळं ठीक आहे. बिघाड फाट्याच्या पुढे, फक्त डाव्या वाटेवर आहे.

पण त्या वाटेला लागण्याआधी एक काम आजच करा. या मशीनचं गरम पाणी कुणाच्या कपात जाऊ देऊ नका. अमेरिकानो आणि चहासाठी गरम पाण्याचा जो नळ वापरता, तो थेट वाफेच्या बॉयलरमधून येतो. अ‍ॅसिड तिथेच फिरवलेलं आहे आणि ते नीट धुऊन काढलं की नाही हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. बॉयलर तळाच्या कॉकमधून पूर्ण रिकामा करा, ताजं पाणी भरा, पुन्हा रिकामा करा, असं बऱ्याच वेळा. कॉक उघडण्याआधी मशीन बंद करून थंड होऊ द्या, हे विसरू नका. दोन्ही ग्रुपमधूनही बिनकॉफीचं पाणी भरपूर सोडा, कारण कॉफीचं पाणी वेगळ्या नळीतून येतं. शाळेच्या प्रयोगशाळेला साहित्य पुरवणाऱ्या दुकानात पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. मशीनमध्ये जाणाऱ्या आणि मशीनमधून येणाऱ्या पाण्यात पट्टीचा रंग सारखा दिसेपर्यंत धूत राहा. तोवर ग्राहकांना कोल्ड ड्रिंक द्या, एक दिवस शटर खाली ठेवा, काहीही करा, पण हे टाळू नका.

बाथरूमचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. खार ते झटक्यात विरघळवतं, पण पितळातलं जस्त खातं, क्रोमचा मुलामा उडवतं आणि स्टेनलेस स्टीललाही खड्डे पाडतं. वास खरंच तसा होता, तर मेकॅनिकला नाव विचारा आणि पुन्हा ते यंत्राजवळ येऊ देऊ नका. खार काढायला सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, किंवा याच कामासाठी बनवलेली सल्फॅमिक अ‍ॅसिडची पावडर वापरतात.

आता डावा ग्रुप. पाण्याचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. पंप थंड पाणी ढकलतो. ते पाणी मोजणाऱ्या छोट्या चक्रीतून, म्हणजे फ्लोमीटरमधून जातं. मग बॉयलरच्या पोटातून गेलेल्या एका नळीत शिरतं. नळीभोवती वाफेच्या बॉयलरचं उकळतं पाणी असतं, त्याची उष्णता घेऊन आतलं ताजं पाणी कॉफीपुरतं गरम होतं. मग एका पितळी जेटमधून, साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटरच्या छिद्रातून, ते ग्रुपमध्ये उतरतं. तिथे तीन तोंडांचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा-मिटणारा, व्हॉल्व्ह, त्याखाली जाळी, आणि जाळीखाली तुमची कॉफी. काही मशीनमध्ये जेट नळीच्या आधी असतो, काहींत ग्रुपच्या डोक्यावरच्या मोठ्या नटाखाली. मिलानच्या फाएमा कंपनीने १९६१ साली ई६१ हे मशीन आणलं आणि त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून त्याचं नाव ठेवलं. विजेच्या पंपाने पाणी ढकलायचं आणि बॉयलरमधल्या नळीत ते तापवायचं, ही रचना त्या मशीनने रूढ केली. आजची बहुतेक दोन ग्रुपची मशीनं त्याच घराण्यातली. म्हणून मी हे पत्रावरून इतक्या खात्रीने सांगू शकतो.

पूर्वी अंघोळीच्या तांब्याच्या बंबात खार धरायचा, तसाच तो त्या नळीत धरलेला होता. अ‍ॅसिडने तो सगळा विरघळत नाही. बराचसा सुटा होऊन पापुद्र्यांनी निघतो. हे पापुद्रे पाण्याबरोबर पुढे जातात आणि वाटेतल्या सगळ्यांत अरुंद जागी, म्हणजे जेटच्या छिद्रावर, अडकतात. खार काढल्यावर मशीन आणखी बिघडलं, ही तक्रार म्हणूनच नेहमीची आहे. चांगला कारागीर खार काढल्यावर जेट, जाळ्या आणि सोलेनॉइड उघडून साफ केल्याशिवाय मशीन परत देत नाही.

याची खात्री तुम्ही स्वतः, पाना हातात न घेता करू शकता. आधी उजव्या पोर्टाफिल्टरमध्ये, म्हणजे कॉफी भरायच्या दांड्याच्या भांड्यात, कॉफी दाबून तो डाव्या ग्रुपला लावा. तरी थेंबथेंबच आली तर बास्केट, म्हणजे त्यातली छिद्रांची वाटी, आणि कॉफी दळणारा ग्राइंडर निर्दोष ठरले. मग दोन्ही ग्रुप मोकळे ठेवा. स्वयंपाकघरातला मोजपेला खाली धरा आणि प्रत्येकातून बरोबर दहा सेकंद पाणी सोडा. किती मिलिलिटर येतं ते लिहून ठेवा. आकडा किती यायला हवा याच्या मागे लागू नका, तो यंत्रागणिक बदलतो. दोन बाजूंमधला फरक पाहा. डावीकडे उजवीच्या निम्म्याहून कमी आलं, तर वाट तुंबलेली आहे. मग डावी जाळी स्क्रू काढून उतरवा आणि पुन्हा मोजा. आता पाणी सारखं आलं तर दोष जाळीचाच होता आणि तुमचं काम स्वस्तात झालं. फरक तसाच राहिला तर जेटकडे वळा.

एक परीक्षा अजून. बिनछिद्राची आंधळी बास्केट लावून डावा ग्रुप चालू करा आणि ग्रुपच्या सांडपाण्याच्या बारीक नळीकडे बघा. बटण चालू असताना तिथून पाणी ठिबकत असेल तर सोलेनॉइडची सील नीट बसत नाही आणि दाब तिकडून निसटतो. बटण बंद केल्यावर मात्र त्याच नळीतून फुस्सकन पाणी यायला हवं. ते आलं नाही तर व्हॉल्व्ह कॉफीच्या तेलाने चिकटलाय. अशा वेळी पोर्टाफिल्टर लगेच काढू नका. आत अडकलेला दाब उकळत्या चोथ्यासकट हातावर उडतो.

याच परीक्षेत पंपाचा काटा ९ बारला (बार हे दाबाचं माप) स्थिर राहिला तर पंप निर्दोष आहे. पण हेही ध्यानात ठेवा की हा काटा पंपाजवळचा दाब दाखवतो, कॉफीवरचा नव्हे. जेट तुंबला तरी काटा ९ च दाखवणार. मशीन उभं असताना काटा ११ ला जातो, हा तर बिघाडच नाही. नळीत कोंडलेलं पाणी तापून फुगतं, दाब वाढतो, आणि ११-१२ च्या आसपास एक छोटा व्हॉल्व्ह दोन-चार थेंब सोडून तो आवरतो. कॉफी काढायला घेतली की काटा ९ ला यायला हवा, एवढंच बघा. पंप खरंच जातो तेव्हा आंधळ्या बास्केटवरही काटा ९ गाठत नाही, किंवा पंप करकरतो, किंवा त्याच्या अंगातून पाणी गळतं. मोटर नुसती गुणगुणली आणि फिरली नाही, तर आधी कपॅसिटर बदलून बघायला सांगा. मात्र असा पंप कोरडा चालला तर फार लवकर खराब होतो. तुमच्याकडे पाणी रोज येत नाही, म्हणून टाकीतलं पाणी संपत आलं की पंप बंद करणारा फ्लोट स्विच नक्की बसवून घ्या.

जेट काढणं मेकॅनिकचं काम, पण ते समोर उभं राहून करून घ्या. एमसीबी पाडायचा, पाण्याचा कॉक बंद करायचा, वाफेची नळी उघडून बॉयलरचा काटा शून्यावर आणायचा. मग ग्रुपमधला दाबही मोकळा करायचा आणि मशीन गार होऊ द्यायचं. १.२ बारला बॉयलरमधलं पाणी साधारण १२३ अंशांवर असतं आणि एखादा नट घाईने सैल केला तर त्याची क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. निघालेला जेट गरम पाण्यात कालवलेल्या लिंबूसत्त्वात रात्रभर ठेवायचा, मग उजेडापुढे धरून छिद्र गोल आणि स्वच्छ दिसतं का बघायचं. पोलादी सुई किंवा ड्रिल घालू द्यायचं नाही. छिद्र जराही मोठं झालं की डाव्या आणि उजव्या ग्रुपची कॉफी पुन्हा कधी जुळणार नाही. शंका असेल तर नवाच जेट लावा, पंपापुढे त्याची किंमत काहीच नाही. त्याच वेळी फ्लोमीटरचं तोंड आणि सोलेनॉइडही उघडून पुसून घ्या, कारण पापुद्रे एकाच ठिकाणी थांबत नाहीत. कॉफी काढताना बटणाचा दिवा लुकलुकत असेल तर चक्रीपर्यंत पापुद्रे पोचले आहेत, असं धरून चाला.

सकाळच्या वाफेची गोष्ट वेगळी आहे आणि जेटशी तिचा संबंध नाही. बॉयलरच्या डोक्यावर एक छोटा व्हॉल्व्ह असतो. मशीन गार असताना तो उघडा राहतो, पाणी तापायला लागलं की आतली हवा त्यातून फुसफुसत बाहेर जाते आणि वाफ जोर धरल्यावर तो वर उचलला जाऊन बंद होतो. खारामुळे तो बंद अवस्थेत अडकला तर हवा आतच कोंडते. तापलेली हवा आणि थोडी वाफ मिळून १.२ बार होतात, प्रेशर स्विच समाधानी होऊन हीटर बंद करतो, आणि पाणी मात्र जेमतेम शंभर अंशांना पोचलेलं असतं. काटा खोटं बोलत नाही, दाब खरंच तेवढा असतो, पण तो हवेचा. नळी उघडली की हवा निघून जाते आणि मागे वाफ नसते. सकाळचे पहिले शॉट आंबट लागत असतील तर तेही यामुळेच, कारण कॉफीचं पाणी याच बॉयलरच्या उष्णतेवर तापतं.

तूर्त रोज सकाळी मशीन लावताना वाफेची नळी थोडी उघडी ठेवा. सलग, कोरडी वाफ येऊ लागली की बंद करा. मग तो व्हॉल्व्ह साफ करून घ्या किंवा बदला. हे लांबवू नका. रात्री मशीन थंड होताना बॉयलरमध्ये निर्वात पोकळी होते आणि हा व्हॉल्व्ह हवा आत घेत नसेल तर नळीच्या टोकाशी राहिलेलं दूध बॉयलरमध्ये ओढलं जातं. ते आत काय करतं हे एकदा वास घेतला की कळतं. संध्याकाळच्या गर्दीतही वाफ मंदावत असेल तर व्होल्टेज मोजा. २३० ऐवजी १९० व्होल्ट येत असतील तर तीन हजार वॉटचा हीटर दोन हजारांच्या थोडाच वर काम करतो, त्यात मशीनचा दोष नाही.

आता आरओ. वाफेच्या नळीतून पाणी येण्याचं कारण बहुधा तेच आहे. बॉयलरमधली पातळी एक स्टीलची कांडी ओळखते. पाणी कांडीला टेकलं की त्यातून अगदी क्षीण वीज वाहते आणि भरणं थांबतं. घरगुती आरओचं पाणी इतकं क्षारहीन असू शकतं की त्यातून वीज नीट वाहतच नाही. मशीनला वाटतं बॉयलर रिकामा आहे, ते भरत राहतं, वाफेला जागा उरत नाही. कांडीवर खाराचा लेप बसला तरी हेच होतं. ती काढून बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करून घ्या आणि मग पाणी सुधारा. क्षारहीन पाणी तांब्या-पितळेलाही चांगलं नसतं, आणि कॉफीही त्यात सपक होते.

पाणी पिण्याजोगं आहे म्हणजे मशीनजोगं आहे असं नाही, हे आपल्याकडे कुणी सांगतच नाही. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा, म्हणजे खार धरायला लावणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. स्पेशालिटी कॉफी असोसिएशन कॉफीसाठी ५० ते १७५ सांगते. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी अनेकदा याच्या कितीतरी वर असतं. आधी एखाद्या प्रयोगशाळेकडून कठीणपणा, क्षारता आणि क्लोराइड तपासून घ्या. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ, मोजणारं मीटर हाताशी ठेवा, पण नुसत्या टीडीएसवरून कठीणपणा कळत नाही.

समजा बोअरचा कठीणपणा ४५० निघाला आणि आरओचा २०. पाच भाग आरओत एक भाग बोअरचं पाणी मिसळलं की साधारण ९० होतो, आणि तुम्हाला तेवढंच हवंय. बहुतेक घरगुती आरओंना टीडीएस कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. तो हेच मिश्रण करतो, फक्त मिसळलेलं पाणी यूव्ही दिव्यातून जातंय ना ते बघा. घरगुती यंत्राचा वेग दोन ग्रुपच्या मशीनला पुरणार नाही, म्हणून मध्ये साठ्याची टाकी हवी. मिठावर चालणारा सॉफ्टनर लावा असंही कुणी सुचवेल. तो कॅल्शियम काढून सोडियम देतो, खार धरणं थांबतं, पण क्लोराइड तसंच राहतं. तुमच्या अहवालात क्लोराइड जास्त आलं तर त्या वाटेला जाऊ नका.

विकू नका. जाळी, जेट, एक व्हॉल्व्ह आणि एक कांडी एवढ्यासाठी दोन ग्रुपचं इटालियन मशीन कवडीमोलाने देणं मला पटत नाही. विकण्याचा विचार एकाच परिस्थितीत करा: अ‍ॅसिडनंतर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, वारंवार पडायला लागला आणि बॉयलर उघडल्यावर जोडांना भोकं दिसली तर. नुसता आरसीसीबी पडत असेल तर बहुधा हीटरचं आवरण चिरून वीज अर्थिंगला जातेय आणि हीटर बदलता येतो. पण आरसीसीबी काढून टाकून किंवा बायपास करून मशीन चालवायचं कुणी सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

राहिला मेकॅनिक. तुम्हाला कळतं. उजव्या ग्रुपशी तुलना करून तुम्ही पत्रात जे लिहिलंत, ते त्याच्या निदानापेक्षा जास्त नेमकं आहे. त्याच्याशी वाद घालू नका, कागद पुढे ठेवा: डावा दहा सेकंदांत इतके मिलिलिटर, उजवा इतके, आंधळ्या बास्केटवर काटा इतका, जाळी काढल्यावर इतके. आणि एकच विचारा, पंप गेला असेल तर उजवा ग्रुप कसा चालतो? याचं उत्तर देऊन तो जेट उघडायला तयार झाला तर काम त्यालाच द्या, हात चांगला असेल. उत्तर न देता पंपाचीच किंमत सांगत राहिला तर सोलापुरात किंवा पुण्यात दुसरा शोधा आणि तोच कागद त्याला फोनवर आधी पाठवा. काढलेला प्रत्येक भाग, तुटका असला तरी, परत मागून घ्या. ग्रुपची दोन रबरी गॅस्केट, दोन जाळ्या आणि दोन जेट जोडीने आणून गल्ल्याजवळच्या खणात ठेवा. गॅस्केट कडक झालं की ते भर गर्दीतच गळतं आणि तेव्हा कुरियरची वाट बघायला वेळ नसतो.